तारामंडळपेठेतील बाण

बंगळूर शहराच्या जुन्या भागात, कृष्णराजेंद्र बाजारापासून जवळच, तारामंडळपेठ नावाची एक वस्ती आहे. नाव ऐकून ग्रहताऱ्यांचा खेळ दाखविणारे घुमटाकार सभागृह डोळ्यांपुढे यावे हे साहजिक आहे. तसे एक तारामंडळ त्या शहरात १९८९ पासून आहेही; पण ते येथून दूर आहे आणि या पेठेशी त्याचा काही संबंध नाही. ही पेठ अठराव्या शतकातली, हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या अमदानीतली. म्हैसूरच्या फौजेला लागणारे बाण येथील कारखान्यांत तयार होत. ते रात्री आकाशात सुटले म्हणजे ताऱ्यांचा पुंजका उधळल्यासारखा दिसे, आणि त्यावरूनच पेठेला हे नाव पडले असे मानतात. श्रीरंगपट्टण, चित्रदुर्ग आणि बिदनूर येथेही असेच कारखाने होते.

या गावाशी मराठी माणसाचे नाते त्याहून जुने. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, हे आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या गावाची ही दुसरी ओळख मात्र आपल्या इतिहासग्रंथांत एखाद्या वाक्यात आटोपलेली आढळते. लढायांच्या वर्णनात बाण येतात, धूर होतो, घोडी बिथरतात आणि लेखक पुढच्या मुक्कामाकडे वळतो. बाण उडतो म्हणजे नेमके काय घडते, त्याच्या पोटातील आग कोठून येते, आणि तीच आग म्हैसूरच्या बाणात अधिक जोरकस का ठरली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः तारामंडळपेठेचा खरा इतिहास त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

बाण हा शब्द आपल्याला परका नाही. दिवाळीत बाटलीत उभा करून वात पेटवितात तोही बाणच. मराठ्यांच्या जुन्या कागदपत्रांत आणि बखरींत तोफा, जेजाला, सुतरनाळा यांच्या जोडीला बाण येतातच. मोगलांकडे ते होते, निजामाकडे होते, अर्काटच्या नबाबाकडे होते. तेव्हा हैदर-टिपूंनी बाणाचा शोध लावला असे म्हणणे बरोबर नाही. त्यांनी केले ते निराळे, आणि दिसायला किरकोळ. बाणाची दारू ठासण्याकरिता इतरत्र कागदाच्या किंवा वेळूच्या नळ्या वापरीत. म्हैसूरच्या कारागिरांनी ती नळी ठोकून घडविलेल्या मऊ लोखंडाची केली. एवढ्या एका बदलाने काय साधले हे समजण्यासाठी आधी नळी बाजूस ठेवून तिच्यातील दारूकडे वळले पाहिजे.

बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. प्रमाणे देशपरत्वे बदलत. पण शंभर भागांत सुमारे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा आणि दहा गंधक हे सर्वत्र अनुभवाने स्थिरावलेले प्रमाण. कोळसा आणि गंधक ही जळणारी द्रव्ये. सोरा स्वतः जळत नाही. तो करतो ते काम वेगळेच आहे. सोऱ्यात प्राणवायू बांधलेला असतो आणि ताप लागताच तो मोकळा होऊ लागतो. चुलीतील कोळसा बाहेरची हवा ओढून जळतो. दारूतील कोळशाला हवेसाठी दार उघडे ठेवावे लागत नाही. म्हणून दारू बंद नळीतही जळते, आणि तिचे सारे सामर्थ्य व सारा धोका येथेच आहे.

या जळण्यातून उष्णता येते ती कशी, याविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. पदार्थांच्या पोटात उष्णता कोंडलेली असते आणि बंधने तुटली की ती बाहेर पडते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक बंधने तोडण्यास ऊर्जा खर्च करावी लागते. सोऱ्याचा रेणू मोडायचा, कोळशातील कार्बनचे अणू एकमेकांपासून सोडवायचे, हा सर्व खर्चाचा भाग. वातीची ठिणगी त्या खर्चातील पहिला हप्ता देते. जमा होते ती पुढे. सुटे झालेले अणू नव्या जोड्या जुळवितात. कार्बन आणि प्राणवायू मिळून कार्बन डाय-ऑक्साइड होतो, नत्राचे दोन अणू मिळून नत्रवायूचा रेणू होतो, आणि ही नवी बंधने पहिल्यांपेक्षा बळकट असतात. ती जुळताना जी ऊर्जा बाहेर पडते ती तोडण्याच्या खर्चाहून अधिक भरते. ही जी शिल्लक, तीच आपल्याला ज्वाला, धग आणि स्फोट या रूपांनी दिसते. अशा विक्रियेला उष्मादायी म्हणतात. शिल्लक उलट बाजूस निघाली, म्हणजे जमेपेक्षा खर्च जास्त झाला, तर पदार्थ भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि हात लावताच गार लागतो. ती उष्माग्राही.

मौज अशी की या दोन्ही गोष्टी हिंदुस्थानात एकाच पदार्थावरून माहीत होत्या, आणि तो पदार्थ सोराच. अकबराच्या दरबारी व्यवस्थेचे वर्णन करताना अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदले आहे की, दारूत जो सोरा एवढा भडका उडवितो त्याचाच उपयोग बादशहाचे पिण्याचे पाणी थंड करण्याकडे केला जाई. सोरा पाण्यात विरघळवायचा आणि त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवीत राहायची, अशी ती रीत. विरघळताना सोऱ्याच्या स्फटिकाची घट्ट रचना मोडावी लागते. त्या मोडणीचा खर्च पाण्याकडून वसूल होतो आणि पाणी निवते. हा खर्च लहान नाही. भरपूर पाण्यात एक किलो सोरा विरघळताना जेवढी उष्णता ओढतो, ती एक किलो बर्फ वितळण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ बरोबरीची आहे. आग आणि गारवा एकाच पोत्यातून निघतात याचे अबुल फजलला नवल वाटले असावे; कारण त्याने दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत. त्या नवलाचे मापात रूपांतर होण्यास आणखी दोनशे वर्षे लागली, आणि ते काम दुसऱ्या खंडात झाले.

१७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर बिहारचा सोरा इंग्रज कंपनीच्या मुठीत गेला. त्या काळी उत्तम सोऱ्याचा मोठा पुरवठा तेथूनच होई. इंग्रजांशी सात वर्षांचे युद्ध हरलेल्या फ्रान्सला याची झळ लागली आणि १७७५ मध्ये तेथील सरकारने दारूचे सारे खाते नव्याने उभारले. त्या खात्याच्या चार कारभाऱ्यांत आंत्वान लव्हाझिये हा रसायनशास्त्रज्ञ होता. पॅरिसच्या शस्त्रागारातच त्याचे घर आणि त्याची प्रयोगशाळा होती. सरकारी नोकरीत राहून विद्येची एवढी मोठी कामगिरी करणारी माणसे थोडी. लव्हाझियेचे नाव त्यांत फार वर आहे. जळणे म्हणजे प्राणवायूशी संयोग, हा त्याचा सिद्धांत सर्वश्रुत आहे. पण येथे महत्त्वाचे आहे ते त्याने लाप्लास या गणितज्ञाच्या साहाय्याने बनविलेले एक साधे पात्र. आत एक लहान कक्ष, त्याच्या भोवती बर्फ, त्याही बाहेर बाहेरच्या हवेची ऊब अडविणारा बर्फाचा दुसरा थर. आतल्या कक्षात जे काही जळेल त्याची उष्णता आतील बर्फ वितळवी, आणि खालच्या तोटीतून गळालेले पाणी तोलले की उष्णतेचे माप मिळे. या पात्रात त्यांनी कोळसा जाळला, मेणबत्ती जाळली, एक गिनीपिग ठेवून त्याच्या देहाची ऊब मोजली, आणि सोरा व कोळसा यांचे मिश्रणही उडविले. हा प्रबंध १७८३ च्या जूनमध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला गेला. त्याच्या सहाच महिने आधी हैदर अली वारला होता आणि टिपू म्हैसूरच्या गादीवर आला होता.

आता आजच्या मापांनी तारामंडळपेठेतील एका बाणाचा हिशेब करून पाहता येईल. म्हैसूरचे दोन बाण इंग्लंडात वूलिच येथील तोफखान्याच्या संग्रहात जाऊन पडले, म्हणून त्यांची मापे नक्की ठाऊक आहेत. त्यांतील मोठ्याची लोखंडी नळी २५४ मिलिमीटर लांब आणि बाहेरून ५८ मिलिमीटर व्यासाची. ती कातड्याच्या वाद्यांनी सुमारे एक मीटर लांबीच्या सरळ तलवारीच्या पात्याला बांधलेली आहे. धाकट्याची नळी १९८ मिलिमीटर लांब, ३७ मिलिमीटर व्यासाची, आणि तिला जवळजवळ दोन मीटर लांबीची बांबूची काठी. मोठ्या नळीत, लोखंडाची जाडी वजा जाता, ठासून भरलेली दारू अदमासे आठशे ग्रॅम मावेल. एक किलो दारूतून सुमारे सातशे उष्मांक निघतात. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते तो एक उष्मांक. म्हणजे या बाणाच्या पोटात साडेपाचशे उष्मांकांच्या आसपास उष्णता होती. सात लिटर साधे पाणी उकळीला आणण्यापुरती ती होते. सैन्याची फळी फोडणाऱ्या या अस्त्राची सगळी पुंजी म्हणजे एका माणसाच्या आंघोळीचे पाणी!

याहून चमत्कारिक तुलना कोळशाशी आहे. चुलीत जळणारा एक किलो चांगला कोळसा सुमारे सात हजार उष्मांक देतो, दारूच्या दसपट. म्हणजे त्या बाणाएवढी उष्णता मूठभर, ऐंशी ग्रॅम कोळशातही आहे. असे का, तर दारूत तीन चतुर्थांश वजन सोऱ्याचे. जळणाऱ्या द्रव्याला बाजूस ढकलून तो जागा अडवितो. बंबातील कोळशाला हवा फुकट मिळते, दारूला ती पाठीवर वाहून न्यावी लागते, आणि त्या ओझ्याची किंमत तिने उष्णतेत मोजलेली असते.

मग जोर येतो कोठून? तो येतो वेळातून आणि वायूतून. मूठभर कोळसा शेगडीत पंधरावीस मिनिटे धगधगत राहील. बाणातील दारू काही सेकंदांत संपते. आणि घन दारूचे निम्म्याच्या जवळपास वजन बघता बघता वायू होते. इंग्लंडात अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी १८७० नंतरच्या दशकात भक्कम पोलादी पात्रांत दारू पेटवून याचे बारकाईने मापन केले. एक ग्रॅम दारूपासून, थंड झाल्यावर मोजलेला, सुमारे २८० घनसेंटिमीटर वायू निघतो असे त्यांना आढळले. जळतेवेळी तर तापमान दोन हजार अंशांवर असते आणि त्याच वायूला नऊपट जागा हवी असते. उरलेले निम्मे वजन घनरूप कणांचे. आपण ज्याला बाणाचा दाट पांढरा धूर म्हणतो तो बहुतांशी या कणांचा. तो धूर डोळ्यांना भरतो, पण बाणाला ढकलण्यात त्याचा वाटा वायूच्या मानाने फारच उणा असतो.

येथे लोखंडी नळीचे महत्त्व ध्यानात येते. दारू किती वेगाने जळावी हे तिच्या भोवतालच्या दाबावरही अवलंबून असते; दाब वाढला की जळणे वाढते, जळणे वाढले की वायू वाढतो, वायू वाढला की दाब आणखी चढतो. कागदाची नळी हे चक्र थोडेसे फिरताच फाटते. म्हणून कागदी बाण बनविणाऱ्याला दारू हलकी ठासावी लागे, छिद्र मोठे ठेवावे लागे, थोडक्यात उष्णतेला मुद्दाम वाया जाऊ द्यावे लागे. लोखंडी नळीने हा दाब सोसला. तोच सोरा, तोच गंधक, तोच कोळसा, तेवढेच उष्मांक. पण त्यांतील अधिक भाग मागच्या छिद्रातून वेगाने बाहेर पडणाऱ्या झोताच्या गतीत उतरला, आणि बाण त्या मानाने पुढे रेटला गेला. आजच्या हिशेबाने साध्या दारूच्या बाणात एकूण उष्णतेचा दहावा हिस्सा गतीच्या रूपाने हाती लागला तरी पुष्कळ झाले. म्हैसूरच्या कारागिरांना हा हिशेब मांडता येत नव्हता; परंतु नळीची जाडी, छिद्राचा व्यास आणि दारूची ठासणी यांचा मेळ त्यांच्या हातांनी जमविला होता. म्हैसूरचे बाण हजार वारांच्या आसपास आणि कधी त्याच्याही पलीकडे जात, आणि त्या काळी युरोपातील कोणत्याही सैन्याजवळ असे साधन नव्हते.

त्यामागे लोखंडाचे ज्ञान होते, हेही विसरता येत नाही. १८०० साली टिपूचा मुलूख पाहत फिरलेल्या फ्रान्सिस बुकॅननने मागडीजवळच्या खेड्यात लहान लहान मुशींतून पोलाद काढणारे लोक पाहिले आणि त्यांच्या रीतीचे तपशीलवार वर्णन केले. मातीच्या भट्टीत कोळशाच्या साहाय्याने धातुकापासून प्राणवायू हिरावून घेणे, ही दारूच्या उलट बाजूची विक्रिया. दारूत कोळशाला सोऱ्याकडून प्राणवायू मिळतो; भट्टीत तो कोळसाच लोखंडाच्या गंजासारख्या मातीकडून प्राणवायू ओढून घेतो, आणि त्या कामी उष्णता सतत पुरवावी लागते, भाता थांबला की काम थांबते. एका विक्रियेने नळी दिली, दुसरीने आग. दोन्हींचे कारागीर एका मुलखात होते, एवढेच नव्हे तर एका राजाच्या चाकरीत आले, हा म्हैसूरचा योग.

रणांगणावरील हकिगती प्रसिद्ध आहेत, त्या थोडक्यात सांगितल्या तरी पुरे. १० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ पोल्लिलूर येथे हैदर आणि टिपू यांनी कर्नल बेलीच्या फौजेचा धुव्वा उडविला. इंग्रजांच्या दारूगाड्यांचा स्फोट होऊन त्यांची फळी मोडली. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत महालातील भिंतीवर तो प्रसंग अजून रंगविलेला दिसतो. स्फोट बाणाने झाला की तोफगोळ्याने, याविषयी मतभेद आहेत, आणि बाणालाच सारे श्रेय देणे सावधपणाचे नव्हे. त्या वर्षी नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या जुटीत हैदर होता. दहा वर्षांनी चित्र उलटले. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९१ च्या मार्चमध्ये प्रथम बंगळूरची पेठ आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला घेतला, तेव्हा मराठे त्याच्या बाजूला होते. मे महिन्यात अन्नावाचून हवालदिल झालेली कॉर्नवॉलिसची फौज मागे फिरली असताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या छावणीतील भरल्या बाजाराने तिला तगविले. तेव्हा तारामंडळपेठेचा पाडाव करण्यात आपलाही हात आहे; तो इतिहास सोयीपुरता विसरण्याचे कारण नाही.

टिपूच्या फौजेसाठी रचलेल्या ‘फतहुल मुजाहिदीन’ या ग्रंथात प्रत्येक कुशूनमागे दोनशे बाणदारांची तरतूद सांगितली आहे. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या एका राईत शिरलेल्या कर्नल आर्थर वेलस्लीच्या तुकडीला अंधारातून आलेल्या बाणांनी आणि गोळ्यांनी माघार घ्यावी लागली. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, आणि बाणांविषयीचे त्याचे मत शेवटपर्यंत प्रतिकूलच राहिले. त्यालाही आधार होता. बाण नेमका लागत नसे. वारा, काठीचा वाक, दारूची ओल, यांतील कशानेही तो भरकटे. तो भय घाली, घोडदळ उधळी, दारूगाड्या पेटवी. किल्ला राखणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू लढता लढता मारला गेला. जेत्यांना तेथे बाण सोडण्याची सहाशे साधने, सातशे तयार बाण आणि नऊ हजार रिकाम्या नळ्या मिळाल्या.

या दोन दशकांत एक प्रसंग असा घडला की त्याकडे इतिहासकारांनी राजकारणाच्या दृष्टीनेच पाहिले. टिपूचे वकील १७८८ च्या जूनमध्ये तूलाँ बंदरात उतरले आणि १० ऑगस्टला व्हर्साय येथे सोळाव्या लुईने त्यांना दरबारात भेट दिली. त्यांना फौज हवी होती, ती मिळाली नाही. कारागीर हवे होते, ते मिळाले. वकील पॅरिसमध्ये कित्येक आठवडे होते आणि त्यांच्या पोशाखाची, चालण्याबोलण्याची शहरभर चर्चा झाली. त्याच शहरात, शस्त्रागाराच्या प्रयोगशाळेत, दारूच्या उष्णतेचे माप लिहिलेले होते. एका बाजूला जगातील उत्तम बाण, दुसऱ्या बाजूला त्यांची ताकद मोजण्याची विद्या; दोघांत काही मैलांचे अंतर होते, आणि त्यांची भेट झाल्याचा मागमूस कोठेही नाही. वकिलांकडे तसा प्रश्नच नव्हता. सहा वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, राज्यक्रांतीच्या न्यायासनाने लव्हाझियेचा शिरच्छेद करविला.

भेट झाली ती वूलिचमध्ये, आणि ती टिपूच्या मृत्यूनंतर. श्रीरंगपट्टणचे बाण तेथील शस्त्रशाळेत पोहोचले. त्या शाळेच्या प्रमुखाचा मुलगा विल्यम काँग्रीव्ह याने १८०४ च्या सुमारास बाणांवर पद्धतशीर प्रयोग सुरू केले. त्याने दारूची प्रमाणे यंत्राने एकसारखी राखली, नळ्यांचे ठराविक आकार बांधले, प्रत्येक आकाराचा पल्ला मोजून तक्ते केले. १८०६ मध्ये बूलोन आणि १८०७ मध्ये कोपनहेगन या बाणांच्या आगीत सापडले. काँग्रीव्हच्या बाणांचा पल्ला म्हैसूरच्या बाणांच्या दुपटीवर गेला. त्याची दारू काही निराळी नव्हती. निराळे होते ते मोजणे, टिपून ठेवणे आणि एका माणसाने मोजलेले दुसऱ्याच्या हाती देणे. म्हैसूरकडे हे नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण टिपू नव्या गोष्टींचा भुकेला होता आणि त्याच्या कारखान्यांत प्रयोग होतच असणार. पण ते ज्ञान कारागिरांच्या बोटांत राहिले. राज्य गेले, कारखाने बंद झाले, चाकरी सुटली. मग ती बोटे नांगराला लागली की शोभेची दारू बनवू लागली, याची नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही. काँग्रीव्हचे नाव विश्वकोशांत आहे. तारामंडळपेठेतील एकाही कारागिराचे नाव त्याच्या शेजारी आढळत नाही.

१८४० मध्ये पीटर्सबर्ग येथे जर्मेन हेस याने दाखवून दिले की, विक्रिया एका पायरीने होवो की दहा पायऱ्यांनी, उष्णतेचा एकूण जमाखर्च तोच राहतो. त्या नियमाने दारूचे गणित कागदावर सोडविता येऊ लागले आणि दारूहून सरस द्रव्ये कोणती हे आधीच सांगता येऊ लागले. हायड्रोजन आणि प्राणवायू यांच्या एक किलो मिश्रणातून तीन हजारांवर उष्मांक मिळतात, दारूच्या चौपटीहून अधिक. आणि त्यातून निघते ती केवळ वाफ, धुराचा एक कणही नाही. हे दोन वायू एकत्र जाळून पाणी होते हे लव्हाझियेने अकादमीपुढे दाखविले तेही १७८३ च्या जूनमध्येच. भारतीय बनावटीच्या ज्या एंजिनाने हे दोन वायू द्रवरूपात जाळून ५ जानेवारी २०१४ रोजी प्रथम यशस्वीपणे उपग्रह वर नेला, ते घडविणाऱ्या अवकाश संशोधन संस्थेचे मुख्यालय बंगळूरमध्ये आहे. या योगायोगाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी मधली दोनशे वर्षे वजा करून चालणार नाही.

म्हैसूरच्या बाणांचा शास्त्रीय दृष्टीने पहिला सविस्तर अभ्यास केला तो बंगळूरच्याच रोद्दम नरसिंह यांनी. विमानविद्येतील हे थोर अभ्यासक राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे संचालक होते. १९८५ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी वूलिचमधील नळ्यांची मापे, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हकिगती आणि काँग्रीव्हचे प्रयोग एकत्र आणले, आणि म्हैसूरचा बाण पुढे का होता व मागे का पडला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सारख्याच निर्भीडपणाने दिली. ते २०२० मध्ये निवर्तले.

त्याआधी दोन वर्षे, २०१८ च्या जुलैमध्ये, शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर या गावी, म्हणजे जुन्या बिदनुरात, एका पडक्या विहिरीचा गाळ उपसला गेला. तेथून काही नळ्या पूर्वीही मिळाल्या होत्या. त्या बाणांच्या आहेत हे मागाहून कळले होते. या वेळी हजाराहून अधिक निघाल्या, एकावर एक रचल्यासारख्या, गंजून खरबरीत झालेल्या, लांबीला वीतभर. विहिरीच्या चिखलाला दारूचा वास येत होता असे खोदणाऱ्यांनी सांगितले. तो गंधकाचाच असणार, कारण गंधक पाण्यात विरघळत नाही, आणि कोळसाही नाही. सोऱ्याची गत निराळी. मलनाडच्या सव्वादोनशे पावसाळ्यांत तो झिरपत, विरघळत विहिरीच्या पाण्यात उतरला असेल, आणि उतरताना त्या पाण्यातून ऐंशी-ऐंशी उष्मांक किलोमागे ओढून घेऊन ते तेवढ्यापुरते गार करीत गेला असेल.